गुलफामने खाल्लेलं तोरण

खट्ट.

रविवारची दुपार, आणि अमरावतीतलं घर असं शांत की फ्रीजनेसुद्धा आपली घरघर दाबून धरावी. प्रणालीने चार वर्षांच्या मिहूला थोपटून थोपटून झोपवलं होतं. सासूबाई, म्हणजे पार्बताबाई, भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. अकोल्याला नोकरी करणारा आणि आठवड्यातून एकदाच घराचा पाहुणा होणारा नवरा नितेश तोंडावर पेपर पांघरून पडला होता. अशा चोरून मिळवलेल्या तासात प्रणाली शाळेच्या पुढच्या आठवड्याचं टाचण काढायला बसली, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

खड्ड-खड्ड-खड्ड-खट्ट.

तो मिहूचा लाकडी नंदी होता. त्याची तीन चाकं लाकडाची आणि चौथं नितेशने बसवलेलं औषधाच्या बाटलीचं झाकण. त्यामुळे तो तीन वेळा बैलासारखा चालायचा आणि चौथ्यांदा लंगडायचा. मिहू अर्थातच झोपलेली नव्हती. तिने नंदीला कोपऱ्यात उभं केलं होतं आणि कमरेवर हात ठेवून ती त्याला विचारत होती, "बोल! बोल ना! रोज रोज तोंडात काय धरून बसतोस रे तू? बोल!"

पेपरखालून नितेश हसला. "आवाज ओळखीचा वाटतो," तो म्हणाला.

प्रणालीला हसू आलं नाही. मास्तरकी करणाऱ्या माणसाला आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकवू नये, फार लागतो. मिहू आठवड्यापूर्वी एकदा तिच्यासोबत शाळेत आली होती, आणि अख्ख्या शाळेतून नेमकं हेच वाक्य उचलून आणलं होतं. हे वाक्य होतं अनीसासाठी.

बडनेऱ्याच्या पलीकडे, काळ्या मातीच्या वावरांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला प्रणालीची शाळा होती. जिल्हा परिषदेची, चार वर्गांची आणि दोन शिक्षकांची. त्यातले एक मुख्याध्यापक वामनराव सर, जे दिवसभर मोबाईलवर शासनाला माहिती पुरवत असत. दुसरी प्रणाली, जी उरलेलं सगळं करत असे. गेल्या गणपतीनंतर ती रुजू झाली तेव्हा शेजारच्या निवृत्त तायडे गुरुजींनी तिला घराच्या फाटकाशी अडवून मोलाचा सल्ला दिला होता, "पहिलं वर्ष दात दाखवायचे नाहीत. एकदा का पोरांना तुमचे दात दिसले, की संपलं." हा सल्ला तिने पहिल्याच दिवशी, शाळेत पोचायच्या आत मोडला. तिची जुनी लाल स्कूटी शाळेच्या ऐन फाटकात बंद पडली, ती किक मारमारून घामाघूम झाली, आणि बंडू नावाच्या, तेव्हा तिसरीत असलेल्या मुलाने फार गंभीरपणे विचारलं, "मॅडम, तुमची गाडी पोळी खाते का भाकर?" दात दिसले. सगळेच्या सगळे.

वर्षभरात ती पुष्कळ शिकली. खिचडीचा वास सुटल्यावर भागाकार शिकवू नये, हे शिकली. कापूस वेचायला आला की हजेरीपटही पांढरा होतो, हे शिकली. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हलवून बघावी, हे तर एका दिवसात शिकली. अक्षर न ओळखणारी पोरं उन्हाळ्यापर्यंत धडे वाचू लागली, तेव्हा तिने अकोल्याला आईला फोन करून एका मुलाकडून अख्खं पान वाचून घेतलं होतं. आई जठारपेठेतल्या घरात फोन स्पीकरवर ठेवून रडली होती.

पण अनीसा बोलली नव्हती. तिसरीतली ही मुलगी लिहायची सुंदर, गणितं सोडवायची सगळ्यांच्या आधी. पण "अनीसा, बोल" म्हटलं की गाल फुगवून जमिनीकडे बघायची. प्रणालीने गोडीत सांगितलं, रागावून पाहिलं, गोळ्या दिल्या. गोळ्या खाताना गाल आणखीच फुगलेले दिसायचे.

आणि परवाच तिचे वडील बद्रुद्दीन येऊन गेले होते. चांगली आठ एकराची वाहिती असलेला, बैलांचा शौकीन माणूस. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "मॅडम, बुरा नोका मानू. माही पोरगी घरी रेडिओ हाय. बंद करायचं बटन सापडत नाही आमाले. अन् इथं आली की मुकी. मंग खोट पोरीत हाय का शाळेत? बडनेऱ्याच्या कान्व्हेंटची पिवळी गाडी आता गावात येऊन राहिली. पोळा झाला की नाव काढून नेतो."

प्रणालीने आपलं ठेवणीतलं भाषण केलं. आपली शाळा, आपली भाषा, सरकारी शाळेतली शिकलेली माणसं कुठे कुठे पोचली वगैरे. हे भाषण तिने वर्षभरात गावातल्या प्रत्येक ओट्यावर केलं होतं आणि ते करताना तिला स्वतःलाच भरून यायचं. बद्रुद्दीनभाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पण ती बोलत नाही ना."



तर त्या रविवारी, लंगड्या नंदीकडे बघता बघता, प्रणालीला कल्पना सुचली. यंदा पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे तान्ह्या पोळ्याचा दिवस, शनिवारी येत होता. शनिवारी दप्तर नसतं. मुलांनी आपापले लाकडी नंदी सजवून आणावेत, तोरणाखाली उभे करावेत आणि पोळ्यात म्हणतात तशा झडत्या म्हणाव्यात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं यमक, ते ओरडूनच म्हणायचं असतं. ओरडायची परवानगी मिळाल्यावर कोणतं मूल गप्प बसेल? तिने हे सगळं नितेशला सांगितलं.

"बाप्पा!" भिंतीकडे तोंड केलेल्या पार्बताबाई न वळताच म्हणाल्या. त्यांचं माहेर धामणगाव रेल्वेचं. पोळ्याच्या बाबतीत त्या स्वतःला अंतिम न्यायालय समजत. "तू अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर वाढलेली. पोळा कधी पाह्यला का?"

"टीव्हीवर पाहिलाय."

"मंग होईन चांगला," सासूबाई म्हणाल्या आणि झोपल्या.

सोमवारी वामनराव सरांनी कल्पना ऐकली आणि मोबाईल खाली ठेवला. असं ते क्वचितच करत. "मॅडम, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. नवीन काही करू नका. नवीन केलं की फोटो मागतात."

फोटो नंतर मागितले. आधी शीर्षक मागितलं. केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला, की हा उपक्रम नेमका कशात बसतो? प्रणालीने 'आनंददायी शनिवार'मध्ये बसवला. त्यात आनंद कसा मोजणार, असं विचारणं झालं. मग तो 'भाषिक विकासा'त बसवला. तिथे तो बसला, पण साहेबांना बैल खुपू लागले. प्राणी आवारात आणणार असाल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावं लागेल. प्रणालीने लेखी दिलं, की सर्व बैल लाकडी असून चारा खात नाहीत. हे वाक्य वामनराव सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं. साहेब खूश झाले आणि म्हणाले, मग मी स्वतःच येतो.

इथपर्यंत ही गोष्ट शाळेची होती. पुढे ती गावाची झाली.

पोळ्याचं तोरण तोडण्याचा एक मान असतो. मानाचा बैल सगळ्यांत पुढे उभा राहतो. हा मान कोणाचा, यावर या गावात दोन पक्ष होते आणि मोठ्या पोळ्यात पोलीस पाटील मध्ये उभे राहत म्हणून डोकी शाबूत राहत. प्रणालीने "मुलं एका ओळीत उभी राहतील" एवढंच जाहीर केलं होतं. त्याच संध्याकाळी सरपंच जमुनाताई स्कूटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, ओळीत आमचा नातू पहिला राहीन ना? नाही, सहज विचारून राहिली." दुसऱ्या दिवशी माजी सरपंच नत्थुजी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले आणि पाणी मागून म्हणाले, "आमच्या आज्याच्या पासून मान आमचा हाय. तुमी बाहेरच्या, तुमाले काय माहीत. पण बंडू पहिला राहीन."

बंडू त्यांचाच नातू होता, हे प्रणालीला वर्षभरानंतर तेव्हा कळलं.

तिने तोडगा काढला, की ओळ गोल करू. गोलाला पहिला-शेवटचा नसतो. हे भूमितीच्या दृष्टीने निर्दोष होतं. पण दोन्हीकडचे लोक आता गोलात तोरणाच्या सर्वांत जवळची जागा कोणती, ते पावलांनी मोजू लागले. जमुनाताईंच्या घरी नागपूरहून मागवलेला, शिंगांना चांदीचा रंग दिलेला नंदी आला. नत्थुजींनी सुताराला बसवून त्याच्याहून वीतभर उंच नंदी करून घेतला. मग जमुनाताईंच्या नंदीखाली पाट आला. तायडे गुरुजींनी फाटकाशी पुन्हा अडवून विचारलं, "दात दाखवले होते ना?"

या सगळ्या धामधुमीत जिच्यासाठी हे चाललं होतं ती अनीसा शांतच होती. म्हणून पोळ्याच्या आधी एक दिवस शाळा सुटल्यावर प्रणाली तिच्या घरी गेली. अंगणात आजी नसीमबानो मिरच्या निवडत होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि गोठ्याकडे खूण केली.

गोठ्यातून आवाज येत होता. खणखणीत, न थांबणारा.

"गुलफाम, तुले सांगते, आज बंडूनं काय केलं माहीत हाय? त्यानं मॅडमच्या गाडीच्या सीटवर बेडूक ठेवला. मॅडम बसल्या अन् बेडूक म्हणे डराव, अन् मॅडम म्हणे आई गं! कान हलवू नको, ऐक. मंग मॅडमनं सात साते किती ते विचारलं अन्..."

गुलफाम हे पांढरं गोऱ्हं होतं, कपाळावर करड्या ठिपक्याचं, आणि एखाद्या जाणत्या श्रोत्यासारखं रवंथ करत ऐकत होतं. प्रणाली कुडाच्या आड उभी राहिली. वर्षभर जो आवाज ऐकायला ती तडफडली होती, तो आवाज भरभरून वाहत होता आणि त्यात तिचं सगळं वर्ष होतं: तिची गाडी, तिची ओढणी, पाढे, कविता, तिने सांगितलेल्या गोष्टी, काही काही तर तिने सांगितल्या त्याच्याहून छान.

"पूरी शाळा सुनाती रोज उसको," नसीमबानो हळूच म्हणाल्या. "वो गोऱ्हा चौथी पास हो जाएगा."

प्रणालीने डोळे पुसले, खाकरली आणि पुढे झाली. आवाज टपकन बंद पडला, गाल फुगले. "अनीसा," ती म्हणाली, "शनिवारी येशील ना? तुझा नंदी घेऊन ये हं." अनीसाने तिच्याकडे पाहिलं आणि चक्क मान हलवली. त्या हललेल्या मानेचा प्रणालीला इतका आनंद झाला, की या घरात लाकडी नंदी आहे का, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

शनिवारी शाळेचं आवार ओळखू येत नव्हतं. कडुनिंबाच्या दोन झाडांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, गाव लोटलेला, ढोलवाला आलेला (त्याला कोणी बोलावलं होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही). मिहूच्या शाळेला शनिवारी सुट्टी असते, म्हणून पार्बताबाई तिला आणि लंगड्या नंदीला घेऊन बसने आल्या होत्या आणि कोणी न विचारता व्यवस्था बघू लागल्या होत्या. बद्रुद्दीनभाई फाटकाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या शेजारी पिवळ्या गाडीचा ड्रायव्हरही तमाशा पाहायला थांबला होता, हे प्रणालीच्या लगेच लक्षात आलं.

झडत्या सुरू झाल्या. त्या प्रणालीने स्वतः जागून लिहिल्या होत्या. पहिल्या मुलाने म्हटलं:

"झाडे लावू, पाणी जिरवू, स्वच्छ ठेवू गाव,
रोज शाळेत जाऊन आपण मोठे करू नाव."

आवारात अशी शांतता पसरली, जशी बँकेत लिंक गेल्यावर पसरते. केंद्रप्रमुख साहेबांनी एकट्यांनी टाळी वाजवली.

नत्थुजी प्रणालीजवळ आले. त्यांच्या आवाजात खरोखरची कणव होती. "मॅडम, हे झडती नाही. हे नोटीस हाय. झडतीत कोनाची तरी खेचा लागते. नाही तं बैल हालत नाही."

"तुमी काहून तोंड घालता?" जमुनाताई पलीकडून म्हणाल्या. "तुमच्या बंडूले पुढं सरकवाचं हाय म्हनून?"

"तुमच्या नंदीखालचा पाट काढा आधी!"

"मान कोनाचा ते ठरू द्या आधी!"

दोन्ही बाजूंची माणसं आत सरकली. केंद्रप्रमुख साहेब बाहेर सरकले. वामनराव सर मोबाईल उंच धरून म्हणाले, "कृपया फोटोत भांडू नका." प्रणाली दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली आणि ओरडू लागली, पण वर्षभर वर्ग सांभाळणारा तिचा आवाज ढोलापुढे टिकेना. तिला स्वच्छ दिसलं, की संपलं. पिवळ्या गाडीत फक्त अनीसाच नाही, निम्मी शाळा बसणार.

आणि मग ढोलवाला वर बघत थांबला, तेव्हा कुठूनतरी चावल्याचा आवाज ऐकू आला.

कच्च-कच्च-कच्च.

तोरणाखाली गुलफाम उभा होता. खरा, जिवंत, पाठीवर अनीसाची जुनी चमचमती ओढणी, शिंगं फुटायच्या जागी गोंडे. त्याने मान वर करून तोरणाचं एक टोक तोंडात धरलं होतं आणि आता तो दुसऱ्या टोकाकडे निघाला होता. पानं गेली, झेंडू गेला, कागदी फूल त्याने चाखून थुंकलं. उरलेली दोरी तट्ट करून तुटली. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच असं तोरण तुटलं, जे दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याच बैलाने तोडलं नव्हतं.

"हे जनावर कोणाचं?" केंद्रप्रमुख साहेब ओरडले. "मॅडम, तुम्ही लेखी दिलंय! चारा खात नाहीत म्हणून लेखी दिलंय!"

"अपशकुन झाला," कोणीतरी म्हणालं. "हाकला त्याले!" कोणीतरी काठी उचलली.

अनीसा गुलफामच्या गळ्याला मिठी मारून उभी होती. गाल फुगलेले होते. काठी वर गेलेली तिने पाहिली, आणि ते गाल फुटले.

"आंब्याचं तोरण, दोरीवर टांगलं,
मानापायी म्हाताऱ्यायचं भांडन लागलं!
भांडता भांडता दोघायचा सुकला गळा,
माह्या गुलफामनं खाऊन टाकला अख्खा पोळा!"

शेवटचा शब्द सुटला आणि सगळ्या आवाराने, सवयीने, छाती फोडून आरोळी दिली, "हर हर महादेव!" काठी धरलेल्या माणसानेही दिली, काठी त्याच्या हातातून कधी पडली, त्याला कळलं नाही. ढोल घुमला. जमुनाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. नत्थुजींनी म्हातारा म्हटल्याचा राग येऊ द्यावा की नाही, याचा क्षणभर विचार केला आणि बंडूला म्हणाले, "पाहून राहिला का? याले म्हनतात झडती!"

"और एक!" फाटकाशी बद्रुद्दीनभाई ओरडले. हाताची घडी सुटली होती. "और एक, बेटा!"

अनीसाने मॅडमकडे पाहिलं. 

"अमरावतीच्या मॅडम, त्यायची गाडी लाल,
किक मारता मारता त्यायचे लाल होते गाल!
रोज म्हनते बोल अनीसा, बोल अनीसा बोल,
आता बोलली अनीसा तं वाजून राहिला ढोल!"

प्रणालीची वर्षभराची सगळी प्रतिष्ठा त्या आवारात, केंद्रप्रमुखांसमोर आणि सासूसमोर, ढोलाच्या तालावर धुळीस मिळाली. आणि ती उभी होती ती अशी, जणू तिचा सत्कार चालला आहे. तिच्या मनात येत होतं, की मात्रा बरोबर आहेत, यमक बरोबर आहे, 'किक मारता मारता' हा तर काय सुरेख तुकडा आहे. हे माझ्या वर्गातलं मूल आहे. मग बंडूने बेडकावर झडती म्हटली. मग सगळ्यांनीच म्हटल्या, वामनराव सरांच्या मोबाईलवर तर तीन निघाल्या. मिहूनेसुद्धा नंदी खट्ट-खट्ट ओढत काहीतरी ओरडून घेतलं. पार्बताबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माही सून हाय ते. अकोल्याची हाय, पण पोळा कसा भरवला पाहा." केंद्रप्रमुख साहेबांनी निघताना अहवालात बैलांची संख्या लिहिताना थोडा विचार केला आणि 'सर्व लाकडी' असंच लिहिलं.

गर्दी पांगली तेव्हा बद्रुद्दीनभाई जवळ आले. गुलफामची दोरी त्यांच्या हातात होती, आणि अनीसा त्यांच्यापुढे. "मॅडम," ते म्हणाले, "नाव काढाची गोष्ट मी बोललो होतो, ते राहू द्या. पोरगी इथंच राहीन. सरकारी शाळाच बेस. तुमी म्हनता ते खरं हाय." आणि वळून पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी हातानेच जा म्हटलं.

प्रणालीला कळेना, आता हसावं की रडावं, आणि तायडे गुरुजींना आठवून तिने सगळे दात दाखवले. खाली बसून तिने अनीसाचे दोन्ही हात धरले. "शाब्बास. आता रोज बोलायचं. मनात आलं ते विचारायचं मला. काहीही विचार."

अनीसा मिहूकडे बघत होती. मिहू गुलफामला आपल्या डब्यातलं बिस्कीट भरवत होती. डब्यावर तिच्या शाळेचा बिल्ला चिकटवलेला होता, पिवळा, इंग्रजी अक्षरांचा. त्या इंग्रजी शाळेतला मिहूचा प्रवेश प्रणालीच्या नोकरीच्या आधीच ठरला होता. हे ती कोणी विचारण्याआधीच सगळ्यांना सांगत असे.

"मॅडम," अनीसाने विचारलं, मोठ्याने, अगदी झडतीच्या आवाजात, "आपली शाळा इतकी बेस हाय, तं मिहू आपल्या शाळेत काहून नाही येत?"

बद्रुद्दीनभाई थांबले. वामनराव सरांनी मोबाईल खाली ठेवला. प्रणालीने तोंड उघडलं, मिटलं, आणि जमिनीकडे पाहिलं.

अनीसाने वाट पाहिली. मग कमरेवर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणाली, "बोला ना, मॅडम. बोला."